आधी पाय बघा: लढतीआधी समोरच्याचं फुटवर्क आणि अँगल कसे वाचायचे

पहिल्या राऊंडची बेल झाली आणि आमचा पोरगा सांगितल्याप्रमाणे डावीकडे सरकायला लागला. पुढचा पाय बाहेर, डोकं बाहेर, सगळं पाठ केल्यासारखं. आणि दर दुसऱ्या पावलाला समोरच्याचा उजवा हात त्याच्या गालावर. तीन मिनिटं हेच चाललं. कोपऱ्यात येऊन स्टुलावर टेकला, माउथगार्ड काढलं आणि म्हणाला, "सर, त्यो डावखुरा नाहीच की!"

खरंच नव्हता. स्पर्धेच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर आलेला त्याचा व्हिडिओ मी चार वेळा बघितला होता. त्यात तो साउथपॉ, म्हणजे उजवा पाय पुढे ठेवणारा डावखुरा, दिसत होता, कारण व्हिडिओच उलटा होता. कुणीतरी रील बनवताना आरशासारखा फिरवला होता. मागच्या बॅनरवरची अक्षरं उलटी होती, पण मी हात बघत बसलो आणि बॅनर वाचलाच नाही. लढत गेली. चूक माझी, हार मात्र पोराच्या नावावर लागली.

त्या दिवसानंतर मी लढत वाचायची एक पद्धत बसवली. परभणीत सकाळी सहाला मैदानावर पोरं येतात, त्यांच्यावर ती घासूनपुसून घेतली. अजून समोरासमोर आलेच नाहीत असे दोन बॉक्सर घ्यायचे आणि त्यांच्या पायांवरून लढत कशी जाईल याचा अंदाज बांधायचा, एवढंच त्यात आहे. जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणाऱ्या पोरापोरींना ती चालते आणि रात्री जागून मोठ्या लढती बघणाऱ्यांनाही.

टपरीवर लढतीची चर्चा निघाली की माणसं वजन, उंची आणि किती जणांना झोपवलं एवढंच मोजतात. १३ सप्टेंबर २०२५ ला लास व्हेगासमध्ये क्रॉफर्ड आणि कानेलो हे दोन मोठे व्यावसायिक बॉक्सर भिडले, त्याआधीही हेच झालं. क्रॉफर्डची आधीची लढत १५४ पौंडांत झालेली आणि ही १६८ मध्ये. दोन वजनगट वर चढून तो चिरडला जाणार असं आमच्याकडचे निम्मे लोक पैजेवर सांगत होते. पंचांनी ११६-११२, ११५-११३, ११५-११३ असा क्रॉफर्डला कौल दिला. लढत पुन्हा बघा आणि कानेलोचे हात सोडून फक्त पाय बघा. मारण्याआधी तो पाय रोवतो, आणि रोवून होईपर्यंत क्रॉफर्ड तिथे नसतो. हे आधीच्या लढतींतही दिसत होतं, फक्त कुणी मोजलं नव्हतं.

सामान: दोन व्हिडिओ, एक वही, एक लग्नपत्रिका

एका व्हिडिओवर मत बनवू नका. निदान दोन लढती हव्यात, आणि त्यातली एक समोरचा हरलेली असावी. जिंकलेल्या लढतीत माणूस त्याला आवडतं ते करताना दिसतो. हरलेल्या लढतीत तो अडचणीत कुठे पळतो ते दिसतं, आणि आपल्याला तेच हवंय. शक्य असेल तर एक लढत आपल्यासारख्याच स्टान्सच्या, म्हणजे पवित्र्याच्या, बॉक्सरविरुद्धची मिळवा. ऑर्थोडॉक्सपुढे, म्हणजे डावा पाय पुढे ठेवणाऱ्यापुढे, शहाण्यासारखं सरकणारा साउथपॉपुढे पार गोंधळलेला मी पाहिलाय.

व्हिडिओ सुरू केला की सगळ्यात आधी अक्षरं वाचा. बॅनर, बनियनवरचा नंबर, ग्लोव्हच्या मनगटावरचं नाव, काहीही चालेल. उलटं दिसलं तर सगळा व्हिडिओ उलटा समजून बघा. पोरं हसतात मला, पण आजही माझं पहिलं काम हेच.

मग आवाज बंद करा. गर्दी ओरडली की आपल्याला फटका बसला असं वाटतं, आणि अर्ध्या वेळा तो गार्डवर, म्हणजे तोंडापुढे धरलेल्या हातांवर, बसलेला असतो. त्यानंतर लग्नपत्रिका. आमच्याकडे उन्हाळ्यात घरात पंचवीसेक तरी येऊन पडतात. एक मधोमध कापा आणि फोन आडवा धरून पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागावर टेकवा. कमरेखालचंच दिसलं पाहिजे. पहिली पाच मिनिटं वेड्यासारखं वाटतं, हात सोडून काय बघायचं तेच कळत नाही. दहाव्या मिनिटाला पाय बोलायला लागतात. फटका येणार आहे हे हात दिसण्याआधी मागच्या टाचेवरून कळतं.

व्हिडिओ कुठून काढलाय त्यालाही महत्त्व आहे. रिंगच्या खाली उभं राहून काढला असेल तर प्लॅटफॉर्मची कड आणि खालचा दोर पाय झाकतात. आपल्या पोराला पाठवून स्वतःच काढून घ्यायचा असेल तर त्याला प्रेक्षकांच्या वरच्या पायरीवर, रिंगच्या कोपऱ्याच्या रेषेत बसवा. कोपऱ्यातून बघितलं की दोघांच्या पायांतलं अंतर आणि कोण कुणाच्या बाहेर आहे ते दोन्ही दिसतं. आणि झूम करू नको म्हणून सांगा. पोरं तोंडावर झूम करतात.

काही होत नसताना तो कसा उभा राहतो

फटके चालू असताना सगळेच धावपळीत असतात. दोघेही थोडे लांब आहेत आणि कुणी मारत नाहीये असा क्षण पकडा आणि पॉझ करा. दोन पायांत अंतर किती? खांद्याइतकं असेल तर ठीक. त्याहून बरंच जास्त असेल तर माणूस जोरात मारेल, पण सरकायला वेळ घेईल. कमी असेल तर चपळ दिसेल, पण ढकलला की तोल जाईल. मागची टाच उचललेली आहे का? पुढच्या पायाचा अंगठा कुठे बघतोय? सरळ आपल्याकडे असेल तर त्याची छातीही आपल्याकडे उघडी आहे. आत वळलेला असेल तर आडवा उभा राहणारा बॉक्सर आहे. तो जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ फटका, लांब टाकेल, पण त्याचा मागचा हात यायला वेळ लागेल.

मोजायला शहाबादी फरशी वापरा. आमच्या भागात शाळेचा व्हरांडा, देवळाचं अंगण, जुनी घरं, सगळीकडे ती असते, बहुतेक दोन फूट बाय दोन फूट. पॉझ केलेला पवित्रा बघायचा आणि तसाच फरशीवर उभं राहून दाखवायचं. कुठला पाय कुठल्या रेषेवर येतो ते खडूने आखायचं. समोरच्याचे पाय स्वतःच्या अंगावर घेतले की तो कुठे अडखळतो ते गुडघ्याला कळतं. बघून कळत नाही ते असं कळतं.

मराठवाड्यात आणखी एक खूण कामाला येते: हे पोर बॉक्सिंगच्या आधी काय खेळायचं? थेट बॉक्सिंगमध्ये आलेली पोरं आमच्याकडे कमीच. बहुतेक तालमीतून, कबड्डीतून नाहीतर खो-खोतून येतात, आणि पाय जुना खेळ लवकर विसरत नाहीत.

तालमीतला पोरगा खाली बसून, वजन पुढे टाकून उभा राहतो. पट काढायची, म्हणजे पाय धरून पाडायची सवय असते ना. उजवा असूनही बऱ्याचदा उजवा पाय पुढे ठेवतो, कारण कुस्तीत तसंच शिकलेला असतो. दमला की वस्तादाने शिकवलेला पवित्रा परत येतो. म्हणून तिसऱ्या राऊंडमध्ये त्याचा पाय बदलतो का ते खास बघा. असं पोर जवळ आलं की धोक्याचं, पण त्याचं डोकं पुढच्या गुडघ्याच्या पुढे जातं, आणि त्या क्षणाला अपरकट, खालून वर येणारा फटका, त्याची वाट बघत असतो.

कबड्डीतला चढाईपटू आत येतो झपकन आणि परत जातो तसाच, ज्या रेषेने आला त्याच रेषेने. मध्यरेषा गाठायची हे त्याच्या रक्तात आहे. आत येताना त्याला मारायच्या नादी लागू नका, तो तयारीनेच येतो. परत जाताना मात्र मागे बघत नाही, पाय सरळ रेषेत जातात आणि छाती उघडी राहते.

खो-खोतली मुलं, विशेषतः मुली, पायाने सगळ्यात हलक्या. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हापासून आमच्या भागातल्या किती मुलींनी खो-खो धरला असेल ते गावोगावची मैदानं सांगतील. त्यातल्या दोघीतिघी माझ्याकडे बॉक्सिंगला आल्या. बाजूला पळणं, हुलकावणी, अचानक थांबणं, यात त्यांना शिकवायला काही लागत नाही. पण बाजूला जाताना त्या आख्खं अंग तिकडे वळवतात आणि पाय ओलांडतात. खो-खोत ते बरोबरच आहे. रिंगमध्ये पाय ओलांडलेला असताना साधा जॅब बसला तरी माणूस ढासळतो.

कोण कुणाच्या बाहेर

आता दोघांना शेजारी ठेवायचं. डावा पाय पुढे तो ऑर्थोडॉक्स, उजवा पाय पुढे तो साउथपॉ. दोघांचे सारखेच पाय पुढे असतील तर बंद जोडी, वेगवेगळे असतील तर उघडी जोडी, असं मी पोरांना सांगतो. उघड्या जोडीत दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात, तुडवले जातात, गुंततात. व्हिडिओत पाय सारखे अडकताना दिसले तर समजायचं की जागेचं भांडण चालू आहे.

"साउथपॉपुढे पुढचा पाय बाहेर ठेव" हे सगळ्यांना पाठ असतं. का, ते फारसं कुणी सांगत नाही. तुम्ही ऑर्थोडॉक्स आहात. समोरच्या साउथपॉचा पुढचा खांदा उजवा, म्हणजे तुमच्या डाव्या बाजूला. तुमचा डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर गेला की तुमचा उजवा हात सरळ रेषेत त्याच्या हनुवटीकडे येतो, आणि त्याचा जोराचा डावा हात त्याच्याच अंगाआड जातो. त्याला मारायचं तर आधी वळावं लागतं. त्या वळण्याच्या अर्ध्या क्षणासाठी ही सगळी धडपड.

नियम खरं तर पायाचा नाही, खांद्याचा आहे: त्याच्या पुढच्या खांद्याबाहेर जाऊन उभं राहायचं. उघड्या जोडीत हे एका पावलात होतं. बंद जोडीत, म्हणजे दोघेही ऑर्थोडॉक्स असतील तर, त्याचा पुढचा खांदा तुमच्या उजव्या बाजूला असतो. तिथे जायला त्याचा जॅब बाहेरून चुकवावा लागतो आणि उजवीकडे दोन पावलं टाकावी लागतात, किंवा जवळ जाऊन पुढच्या पायावर गरकन वळावं लागतं. वाटेत त्याचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा फटका, असतोच. म्हणून बंद जोडीत आधी बघा, याच्याकडे हुक खरंच आहे का, की नुसता गार्डवर आपटतो. हुक नसेल तर उजवीकडची वाट मोकळी. हुक जबर असेल तर डावीकडे सरकावं लागतं आणि मग त्याचा उजवा हात सांभाळायचा. आमच्या पोराचं त्या दिवशी हेच झालं: समोर ऑर्थोडॉक्स, आणि मी त्याला डावीकडे, थेट उजव्या हाताच्या तोंडी पाठवलं.

बंद जोडीतले अँगल बघायचे तर ९ डिसेंबर २०१७ ची लोमाचेन्को आणि रिगोंडो यांची लढत काढा. दोघेही साउथपॉ, दोघांकडेही दोन-दोन ऑलिंपिक सुवर्णं. पत्रिका लावून बघितलंत तर लोमाचेन्को मारून जागेवर थांबलेला जवळजवळ दिसतच नाही. सहावा राऊंड संपल्यावर रिगोंडोने स्टुलावरूनच लढत सोडली. या लोमाचेन्कोला लहानपणी वडिलांनी बॉक्सिंग थांबवून काही वर्षं युक्रेनच्या लोकनृत्याला घातलं होतं. आमच्याकडे शाळेत लेझीम शिकलेली पोरं पायाने लवकर का तयार होतात, त्याचं उत्तर मला त्यात सापडलं.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतली ४९ किलोची अंतिम लढत. अमित पंघालने ऑलिंपिक विजेत्या दुस्मातोवला ३-२ ने हरवलं. तेही दोघे साउथपॉ. लढत तीनच राऊंडची आहे, चहा गार होण्याआधी बघून होते.

आणि उघडी जोडी? १८ मे २०२४, रियाध, फ्युरी आणि उसिक. फ्युरी ६ फूट ९ इंच, ऑर्थोडॉक्स. उसिक ६ फूट ३ इंच, साउथपॉ. कागदावर बघितलं तर उसिकचा हात पोचायलाच नको. तो पोचला तो पायाने: सतत छोटी पावलं, उजवा पाय बाहेर काढण्यासाठी सततची कुरबुर, डोकं एका जागी नाही. मधल्या राऊंडमध्ये फ्युरीने पोटावर मारून आणि अपरकटने त्याला चांगलंच रोखलं, तेही बघा, कारण बाहेरचा पाय म्हणजे रामबाण नव्हे. नवव्या राऊंडला उसिकचा डावा हात बसला आणि फ्युरी दोरांवरून दोरांवर आपटत गेला. दोर नसते तर पडला असता म्हणून रेफरीने उभ्याउभ्याच मोजलं. दोन पंचांनी उसिकला, एकाने फ्युरीला दिलं. इतकी घासून झालेली लढत पायांच्या अभ्यासाला एकतर्फीपेक्षा कितीतरी चांगली.

बाहेरच्या पायाच्या मोहात पडलात तर ८ डिसेंबर २०१२ ची पॅकियाव आणि मार्केझची चौथी लढतही बघा. सहावा राऊंड संपायला एखादाच सेकंद होता. पॅकियाव वरचढ चालला होता, आणि एक पाऊल पुढे, मार्केझच्या उजव्या हाताच्या सरळ रेषेत शिरला. तो एकच उजवा हात बसला, पॅकियाव तोंडावर पडला आणि लढत तिथेच संपली. पाय हुकला तर केवढ्याला पडतं ते बघायला ते एक पाऊल दहा वेळा मागे नेऊन बघा.

वहीतल्या रेघा

नुसतं बघून "हा सरळ मागे जातो" असं वाटणं वेगळं आणि मोजणं वेगळं. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: सरळ मागे, त्याच्या डावीकडे, त्याच्या उजवीकडे. डावं-उजवं कायम त्याचं लिहायचं, आपलं नाही, नाहीतर घोळ होतो. समोरच्यावर दबाव आला की तो कुठे जातो, दर वेळी एक रेघ. राऊंडनिहाय वेगळं. त्याखाली दुसरा तक्ता: मारून झाल्यावर काय करतो? जागेवर थांबतो, मागे जातो, की बाजूला निघतो?

एक भरलेलं पान साधारण असं दिसतं. पहिल्या राऊंडमध्ये सरळ मागे पाच, डावीकडे चार, उजवीकडे पाच. तिसऱ्यात सरळ मागे बारा, डावीकडे एक, उजवीकडे दोन. म्हणजे ताजा असताना शिकवलेलं करतो, दमल्यावर सरळ मागे जातो. नऊ मिनिटांच्या लढतीत हे सोनं आहे. आपल्या पोराला सांगायचं की पहिल्या राऊंडला त्याच्या मागे धावू नको, तिसऱ्याला दोन फटके मारून थांबू नको, तिसरा आणि चौथा टाक, कारण तो रेषेतच असणार.

आणखी एक मोजा. बाजूला जाताना त्याचा कुठला पाय आधी हलतो? डावीकडे जायचं तर डावा आधी, उजवीकडे जायचं तर उजवा आधी, हा साधा नियम. उलटा पाय आधी हलला की दोन्ही पाय क्षणभर जवळ येतात किंवा ओलांडतात. बऱ्याच जणांचं एका बाजूला बरोबर असतं आणि दुसऱ्या बाजूला चुकतं. ती चुकणारी बाजू सापडली की त्याला तिकडेच जायला लावायचं.

मारताना मागचा पाय ओढला जातो का, हेही बघा. सरळ मागचा हात टाकताना पाय पुढच्या पायाच्या बरोबरीला आला की माणूस खांबासारखा उभा राहतो, ना पुढे ना मागे. आमच्या पोरांत सगळ्यात जास्त आढळणारा दोष हाच, माझ्या स्वतःच्या काळात माझाही.

तिवड्याजवळचा बैल

रिंग आतून ६.१० मीटर, म्हणजे वीस फूट. शहाबादीच्या हिशेबात दहा फरशा. मैदानावर फक्कीने चौकोन आखून पोरांना मध्ये उभं केलं की "एवढंच?" म्हणतात. दबावाखाली तो अंगणाएवढाही वाटत नाही.

ज्यांनी जुन्या खळ्यावरची मळणी पाहिली आहे त्यांना ही गोष्ट लगेच कळते. तिवड्याभोवती, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, बैलांची पात (रांग) फिरताना आतला बैल जागच्या जागी फिरल्यासारखा चालतो आणि कडेचा बैल दमून जातो. म्हणून म्हातारा बैल आत जुंपायचे. रिंगच्या मध्याचं गणित अगदी तेच. मध्यापासून अर्ध्या मीटरवर असलेल्याला पाव फेरा घ्यायला सुमारे ०.७९ मीटर चालावं लागतं. दोन मीटरवर, दोरांच्या बाजूने पळणाऱ्याला त्याच पाव फेऱ्याला ३.१४ मीटर. चौपट. तीन राऊंड असं चाललं तर कुणाचे पाय आधी जड होतील ते सांगायला प्रशिक्षक लागत नाही.

तेव्हा व्हिडिओ दर तीस सेकंदांनी थांबवा आणि बघा, मध्ये कोण आहे. त्याहून महत्त्वाचं, बाहेर असलेला तिथे मर्जीने आहे की ढकलला गेलाय? काही बॉक्सर कडेनेच चांगले लढतात. ७ मे २०२२ ला बिवोलने कानेलोला ११५-११३ असं तिन्ही पंचांकडे हरवलं. त्यात तो कितीदा मागे गेला ते मोजा, आणि मागे जाऊनही पाय कायम मारायच्या अंतरावर कसे राहिले तेही बघा. मागे जाणं म्हणजे हरणं नव्हे.

दबाव टाकणाऱ्यात दोन जाती. एक मागे मागे चालतो: समोरचा उजवीकडे गेला की हाही तिकडेच वळतो आणि वासरासारखा फिरत राहतो. दुसरा वाट अडवतो: समोरचा निघाला की हा तिरकं पाऊल टाकून तो जिथे पोचणार तिथेच जाऊन उभा राहतो. पहिला कितीही तगडा असला तरी चांगल्या पायाच्या बॉक्सरपुढे मला तो नेहमी हरताना दिसतो. दुसऱ्याची मात्र धास्ती घ्या.

दोघांना एका पानावर आणणं

इथवर समोरच्याचं झालं. आता हेच सगळं आपल्या बॉक्सरचंही करायचं, तितक्याच निर्दयपणे. प्रशिक्षक इथे फसतात. आपलं पोर सरळ मागे जात असेल तर तेही वहीत आलं पाहिजे.

एक जोडी घेऊन दाखवतो. आपली मुलगी ऑर्थोडॉक्स, बुटकी, खो-खोतून आलेली, पाय हलके पण उजवीकडे जाताना ओलांडणारे. समोरची उंच साउथपॉ, जॅब लांब, दबाव आला की सरळ मागे, आणि सरळ डावा हात टाकला की मागचा पाय ओढला जाऊन पुढच्याच्या बरोबरीला येतो.

उंच साउथपॉला तिच्या उजवीकडे, म्हणजे आपल्या डावीकडे सरकायला आवडतं, कारण तिलाही बाहेरचा पाय हवा असतो. म्हणजे दोघी एकाच बाजूसाठी भांडणार. आपली मुलगी डावीकडे चांगली सरकते, ही जमेची बाजू. ती आधी डावीकडे पोचली तर दोन गोष्टी होतात: आपल्या उजव्या हाताला रेषा मिळते, आणि समोरचीची आवडती वाट बंद होते. मग तिला जावं लागतं तिच्या डावीकडे, म्हणजे सरळ आपल्या उजव्या हाताकडे. नाहीतर सरळ मागे, दोरांवर.

धोका कुठे? आत शिरतानाच्या पहिल्या पावलात. तिथे तिचा डावा हात सरळ येणार. म्हणून आधी हुलकावणी देऊन तो डावा हात बाहेर काढून घ्यायचा. तो आला, चुकला, की तिचे दोन्ही पाय बरोबरीत आलेले असतात. तेवढ्यात डावं तिरकं पाऊल, उजवा हात पोटावर, आणि लगेच पुढच्या पायावर वळून बाहेर. डोक्यावर नको, उंची जास्त आहे. दुसरा धोका आपल्याच मुलीचा: घाबरली की उजवीकडे पळेल आणि पाय ओलांडतील, तेही तिच्या डाव्या हाताच्या बाजूला. त्यासाठी दोन आठवडे उजवीकडे जाणं दोरी बांधून घटवायचं. दोन्ही घोट्यांना साधारण दीड फुटाची सैल सुतळी बांधा. पाय ओलांडले की लगेच कळतं.

सरावाला जोडीदार म्हणून वर्गातली उंच मुलगी निवडा आणि तिला साउथपॉ उभी करा. समोरच्या बॉक्सरची फक्त एकच सवय तिला नक्कल करायला सांगा, मागचा पाय ओढणं. सगळी नक्कल करायला लावलं तर बिचारी स्वतःच गोंधळते.

एवढं सगळं वहीत ठेवायचं. बॉक्सरला सांगायच्या फक्त दोन गोष्टी. माझ्या मुलीला सांगितलं असतं: "तिचा डावा येऊ दे, मग डावीकडे. आणि तिसऱ्या राऊंडला हात थांबवू नको." कोपऱ्यात एका मिनिटात याहून जास्त कुणाच्या डोक्यात जात नाही. काही प्रशिक्षक त्या मिनिटात आख्खं रामायण सांगतात आणि पोर नुसतं पाणी पितं.

अंदाज लढतीआधी तारखेसह लिहून ठेवा: कोण जिंकेल, कशामुळे, दहापैकी किती खात्री. नंतर स्वतःच्या वहीला तोंड द्या. माझ्या वहीत अशी पानं आहेत जी मी कुणाला दाखवत नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी

वजन झालं की समोरच्याचे बूट बघा. बऱ्याच पोरांकडे बॉक्सिंगचे बूट नसतात, जाड तळव्याच्या रनिंग शूजवर उतरतात. तो रबर कॅनव्हासला धरून बसतो, वळता येत नाही आणि जोर गुडघ्यावर येतो. असं पोर पुढच्या पायावर वळणार नाही, सरळच जाईल. तळव्याची झीज दिसली तर आणखी चांगलं. पुढच्या पायाचा चवडा आतल्या बाजूने झिजलेला असेल तर हा वळणारा आहे.

मग रिंगमध्ये चढायची परवानगी घ्या आणि चारी बाजूंनी चालून बघा. आमच्याकडे कित्येक स्पर्धा उघड्या पेंडॉलमध्ये होतात. रात्रीच्या दवाने कॅनव्हास सकाळी ओलसर असतो, आणि पहिल्या चार लढती होईपर्यंत पाय घसरतात. कॅनव्हास ढिला ताणलेला असेल तर मध्ये पाय रुतल्यासारखा होतो आणि हलक्या पायाच्या बॉक्सरचा फायदा निम्मा होतो. खालच्या गादीचे जोड कुठे आहेत ते टाचेने चाचपा. एखाद्या कोपऱ्यात फळी दबत असेल तर तो कोपरा आपल्या पोराला दाखवून ठेवा, तिथे अडकायचं नाही आणि जमलं तर समोरच्याला तिथेच न्यायचं.